नऊ गुण कमी पडले, आता प्रवेशाचे काय?

प्रश्न : माझा मुलगा यंदा विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाला. इंग्रजी ५२, मराठी ६३, भौतिकशास्त्र ४४, रसायनशास्त्र ४६, गणित ३६ आणि जीवशास्त्र ५३, असे ६०० पैकी २९४ गुण, म्हणजे ४९ टक्के. सीईटीत तर फक्त ३१ टक्के मिळाले. दहावीला त्याला ७१ टक्के होते. आम्ही खुल्या प्रवर्गातील आहोत. चार एकर ऊस आहे, वर्षाचे उत्पन्न आठ लाखांच्या बरेच खाली आहे. त्याने इंजिनिअर व्हावे अशी त्याच्या वडिलांची फार इच्छा आहे. निकालानंतर आठवडाभरातच पुण्याहून एका गृहस्थांचा फोन आला. चार लाख रुपये दिल्यास मॅनेजमेंट कोट्यातून इंजिनिअरिंगची जागा पक्की करून देतो, गुणांची काळजी करू नका, असे ते म्हणतात. सोसायटीचे कर्ज काढावे का, असा विचार घरात चालू आहे. मुलगा निकालापासून कोणाशी धड बोलत नाही. सकाळी उठून मामाच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊन बसतो आणि रात्री जेवायला येतो. मामा म्हणतो, त्याचा हात चांगला आहे. विचारले तर "मला आता कुठेच जायचे नाही," एवढेच म्हणतो. वडिलांनी त्याच्याशी बोलणे टाकले आहे. आम्ही काय करावे?
— एक आई, कराड

उत्तर : आपल्याला घाईने निर्णय घ्यावा लागणार असल्याने यातील महत्त्वाचा भाग आम्ही पत्राने आधीच कळवला आहे; परंतु अशी पत्रे यंदा अनेक आली असल्यामुळे येथे सविस्तर लिहीत आहे. आपण सहाही विषयांचे गुण वेगवेगळे लिहिलेत, हे फार चांगले केलेत. बहुतेक पालक केवळ एकूण टक्केवारी कळवतात आणि तिच्यावरून प्रवेशाविषयी जवळजवळ काहीच सांगता येत नाही. ४९ टक्के हा आकडा नातेवाइकांना सांगण्यासाठी असतो. प्रवेशाच्या नियमांना त्याच्याशी फारसे देणेघेणे नसते.

प्रथम सीईटीविषयी. आपल्या मुलाला ३१ टक्के गुण मिळालेले नाहीत, ३१ पर्सेंटाइल मिळाले आहेत आणि या दोन गोष्टी भिन्न आहेत. पर्सेंटाइलचा अर्थ एवढाच, की त्याच्याइतके किंवा त्याच्याहून कमी गुण मिळवणारे विद्यार्थी शंभरात सुमारे ३१ होते. ही परीक्षा २०० गुणांची असते. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे असतात आणि गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे असतात. म्हणजे अर्धी परीक्षा एकट्या गणिताची आहे. ज्या मुलाला बोर्डाच्या गणितात ३६ गुण आहेत, त्याचे या परीक्षेत मागे पडणे स्वाभाविक होते, आणि त्यावरून त्याच्या एकंदर बुद्धीविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता खरी अडचण कोठे आहे ते पाहू, कारण ती सीईटीत नाही. अभियांत्रिकी पदवीच्या पहिल्या वर्षासाठी महाराष्ट्रातील नियम असा आहे, की सीईटीत शून्याहून अधिक गुण असावेत आणि बारावीत ठरलेल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के, तर राखीव प्रवर्गांना, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना (ईडब्ल्यूएस) आणि दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के असावेत. आपल्या मुलाचे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित मिळून ३०० पैकी १२६ होतात. ४५ टक्क्यांसाठी १३५ लागतात. नऊ गुण कमी आहेत, आणि त्यामुळे खुल्या प्रवर्गातून आज तो अभियांत्रिकी पदवीला पात्रच ठरत नाही (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला मिळत असेल, तर मात्र त्याला ४० टक्क्यांची अट लागते; तशी चौकशी तहसील कार्यालयात अवश्य करा).

हे कळल्यावर त्या पुण्याच्या गृहस्थांच्या बोलण्याचा अर्थ आपोआप उलगडेल. खासगी महाविद्यालयांत संस्थास्तरावर भरल्या जाणाऱ्या काही जागा असतात आणि त्या पूर्णपणे कायदेशीर असतात. परंतु पात्रतेची अट त्या जागांनाही तीच लागू असते. खुल्या प्रवर्गातून १२६ गुणांवर दिलेला प्रवेश पुढे मंजूरच होत नाही, मग मुलगा वर्गात बसलेला असो वा नसो. पैसे मात्र गेलेले असतात, आणि ते बहुधा पावतीशिवाय गेलेले असतात. ठरलेल्या शुल्काखेरीज प्रवेशासाठी रक्कम घेण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे आणि खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क किती असावे हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. "गुणांची काळजी करू नका" हे वाक्य ज्याने उच्चारले, त्याला एकतर नियम ठाऊक नाहीत किंवा ते आपल्याला ठाऊक नाहीत याची त्याला खात्री आहे. सोसायटीचे कर्ज काढू नका. त्या क्रमांकावरून पुन्हा फोन आल्यास महाविद्यालयाचे नाव, जागेचा प्रकार आणि अधिकृत शुल्क लेखी पाठवण्यास सांगा. माझा अनुभव असा, की अशा विचारणेनंतर फोन सहसा पुन्हा येत नाही.

नऊ गुणांच्या त्या अंतराविषयी आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, जी पुष्कळ पालकांच्याच नव्हे तर काही शिक्षकांच्याही लक्षात येत नाही. अभियांत्रिकीच्या पात्रतेत भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन विषय सक्तीचे धरले जातात, तिसरा विषय मात्र रसायनशास्त्रच असला पाहिजे असे नाही. जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, संगणकशास्त्र, माहिती तंत्रज्ञान, तांत्रिक व्यावसायिक विषय यांपैकीही एक चालतो. आपल्या मुलाला जीवशास्त्रात ५३ आहेत. म्हणजे ४४, ३६ आणि ५३ मिळून १३३ होतात आणि अंतर नवावरून दोनवर येते. दोन गुण हे उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीने आणि पुनर्मूल्यांकनाने कधीकधी भरून निघू शकणारे अंतर आहे.

त्यासाठी मंडळाकडे भौतिकशास्त्र आणि गणित या दोन विषयांच्या छायाप्रतींसाठी अर्ज करावा लागतो. पुनर्मूल्यांकन छायाप्रत घेतल्याशिवाय मागता येत नाही आणि छायाप्रत हाती आल्यापासून पाच कार्यालयीन दिवसांत त्याचा अर्ज करावा लागतो, म्हणून कनिष्ठ महाविद्यालयातील त्या विषयाच्या शिक्षकांना आधीच सांगून ठेवावे, की छायाप्रत येताच आम्ही ती घेऊन आपल्याकडे येऊ. शिक्षकांनी पाहून "येथे गुण द्यायला हवे होते" असे म्हटले तरच पुढे जावे, कारण पुनर्मूल्यांकनात गुण कमीही होऊ शकतात आणि गणितात उत्तीर्णतेच्या वर आपल्याकडे एकच गुण शिल्लक आहे. एकट्या भौतिकशास्त्रात दोन गुण निघत असतील तर गणिताला हात न लावणे शहाणपणाचे ठरेल. छायाप्रतींच्या अर्जाची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते; ती टळली असल्यास त्याची हळहळ करीत बसू नका, कारण माझ्या मते आपल्या मुलाचा चांगला मार्ग या दोन गुणांतून जातच नाही.

तरीही भौतिकशास्त्राची छायाप्रत मिळाली, तर ती आणखी एका कारणासाठी पाहावी. तिच्यावर लेखी परीक्षेचे ७० पैकी गुण असतात. एकूण ४४ मधून ते वजा केले, की ३० गुणांच्या प्रात्यक्षिकात त्याला किती मिळाले ते कळते. प्रात्यक्षिकाचे गुण बहुतेकांना सढळपणे मिळतात हे खरे, तरी लेखी आणि प्रात्यक्षिक यांतील अंतर फार मोठे असेल, तर मामाचे म्हणणे गंभीरपणे घ्यावे लागेल. मी बरीच वर्षे तंत्रनिकेतनात (पॉलिटेक्निकमध्ये) शिकवले आहे. विद्युतमंडलाची आकृती फळ्यावर समजावून घेताना चाचपडणारा आणि तेच मंडल टेबलावर जोडायला दिले की इतरांच्या आधी जोडून दाखवणारा विद्यार्थी मला जवळजवळ प्रत्येक तुकडीत भेटला आहे. अशा मुलांना लेखी परीक्षा जमतच नाही असे नव्हे. त्यांना वस्तू आधी आणि सूत्र नंतर असा क्रम लागतो, आणि आपली बारावी नेमकी उलट क्रमाने शिकवली जाते. जो मुलगा निकालाच्या दुःखातही रोज सकाळी उठून मोटारींच्या गुंडाळ्या करायला जातो, तो "मला कुठेच जायचे नाही" असे म्हणत असला तरी एका ठिकाणी जातो आहे, याची आपण नोंद घ्यावी.

म्हणून मी सुचवते तो मार्ग तंत्रनिकेतनाचा आहे. पदविकेचा अभ्यासक्रम दहावीनंतर तीन वर्षांचा असतो, हे सर्वांना माहीत असते. परंतु बारावी विज्ञान उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, हे अनेकांच्या गावीही नसते. तेथे ४५ टक्क्यांची अट आड येत नाही आणि सीईटीही लागत नाही. गुणवत्ता यादी बारावीच्या गुणांवर लागते. कराडला तर शासकीय तंत्रनिकेतन आहे, तेव्हा मुलाला घर सोडावे लागणार नाही आणि मामाचे दुकानही सुटणार नाही. विद्युत अभियांत्रिकी ही शाखा पहिल्या पसंतीला ठेवावी असे मला वाटते, अर्थात निर्णय त्याचा. दोन वर्षांनी पदविका हाती आली, की अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. तेथे पदविकेचे किमान ४५ टक्के पाहिले जातात. बारावीचे ते १२६ गुण तेथे कोणी विचारत नाही.

वडिलांसाठी हिशेब असा मांडून दाखवा. मुलाने एक वर्ष घरी बसून पुन्हा परीक्षा दिल्या आणि पुढील वर्षी पदवीला प्रवेश मिळवला, तर एक अधिक चार, अशा पाच वर्षांनी तो अभियंता होईल. पदविकेची दोन वर्षे आणि थेट दुसऱ्या वर्षापासून पदवीची तीन वर्षे केली, तरी पाचच वर्षे लागतील. फरक हा, की दुसऱ्या मार्गात दोन वर्षांनंतर त्याच्या हातात एक स्वतंत्र पात्रता असते. महावितरणची आणि शासनाच्या बांधकाम खात्यांची काही पदे पदविकाधारकांसाठीच असतात आणि वर्कशॉप किंवा कंत्राटदारी करायची म्हटली तरी पदविका उपयोगी पडते. घरातील मंडळी ज्याला "एक पायरी खाली उतरणे" म्हणतात, ते प्रत्यक्षात त्याच मजल्यावर जाणारा दुसरा जिना चढणे आहे, आणि या जिन्यावर मध्येच विसाव्याची जागाही आहे.

या मार्गातील अडचण मी लपवणार नाही. थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्या मुलांचे पदविकेचे पहिले वर्ष झालेले नसते, त्यामुळे अभियांत्रिकी आरेखन आणि कर्मशाळेच्या सवयी यांत ती सुरुवातीला मागे असतात. पुढे पदवीच्या दुसऱ्या वर्षी, ज्याला विद्यार्थी "एम-थ्री" म्हणतात ते गणित पदविकेहून आलेल्या मुलांना जड जाते, आणि आपल्या मुलाचा कच्चा विषय गणितच आहे. यावर उपाय आतापासून करता येतो. प्रवेश होईपर्यंतच्या काळात रोज एक तास त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, विकलन आणि संकलन एवढेच चार भाग अकरावी-बारावीच्या पाठ्यपुस्तकांतून कोणा जवळच्या शिक्षकाकडे बसून सोडवावेत. मोठा क्लास लावण्याची गरज नाही. मामाच्या दुकानातील मोटारीच्या गुंडाळीचे वेढे आणि तारेची जाडी यांचा हिशेब त्याने मांडून पाहिला, तर हे गणित कशासाठी आहे हा प्रश्नही त्याला पडणार नाही.

एक वर्ष थांबण्याचा पर्याय मी सरसकट वाईट मानत नाही. गुण वाढवण्यासाठी बारावीची परीक्षा पुन्हा देण्याची मंडळाची श्रेणीसुधार योजना आहे, तिचा अर्ज आपल्याच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत भरता येतो आणि सीईटीही दरवर्षी नव्याने देता येते. ज्या मुलाचे वर्ष आजारपणात किंवा घरातील एखाद्या संकटात गेले, ज्याला स्वतःला पुन्हा परीक्षा द्यायची आहे आणि जो त्यासाठी वेळापत्रक स्वतःहून करतो, त्याने अवश्य थांबावे. आपल्या पत्रात यांपैकी काहीच दिसत नाही. वडिलांच्या आग्रहाखातर लातूरला किंवा पुण्याला खोली घेऊन ठेवलेला, आतून खचलेला मुलगा वर्षभरात आणखी खचतो, हे मी पाहिले आहे.

विज्ञान शाखेचे इतर मार्गही खुले आहेत, तेही थोडक्यात सांगते. शिवाजी विद्यापीठाच्या महाविद्यालयांत बी.एस्सी.ला तो अर्ज करू शकतो. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राबरोबर गणित किंवा जीवशास्त्र धरले जाते. जीवशास्त्र धरून त्याचे १४३ होतात, म्हणजे तेथे तो ४५ टक्क्यांच्या वर आहे. बीसीए किंवा बीबीएचा विचार कोणी सुचवल्यास २०२४ पासून त्यांनाही वेगळी सीईटी आहे हे लक्षात ठेवावे. परंतु ज्याला यंत्रे आवडतात त्याला केवळ "पात्र ठरतो" म्हणून औषधनिर्माणशास्त्राकडे ढकलू नये.

शुल्काविषयी. शासकीय तंत्रनिकेतनाचे शुल्क त्या चार लाखांच्या तुलनेत अगदीच किरकोळ असते. शिवाय कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्याने राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेसाठी महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करता येईल. ही सवलत शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून प्रवेश घेतला तर मिळते. संस्थास्तरीय जागेवर मिळत नाही. त्या फोनवाल्या गृहस्थांचे ऐकले असते तर हीही सवलत गेली असती. तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला लगेच काढून ठेवा, कारण कमी गुणांमुळे हुकलेल्या प्रवेशांइतकेच प्रवेश वेळेवर न मिळालेल्या दाखल्यामुळे हुकताना मी पाहिले आहेत. अर्जाची छाननी करणाऱ्या सुविधा केंद्रावर गुणपत्रिका घेऊन जा आणि थेट दुसऱ्या वर्षाच्या पात्रतेची यंदाच्या माहितीपुस्तिकेतील ओळ तेथे दाखवून खात्री करून घ्या.

त्या केंद्रावर मुलाला सोबत न्या आणि बोलू त्याला द्या. प्रवेशाच्या दिवसांत आमच्या खिडकीशी येणाऱ्या दहा कुटुंबांपैकी आठांत वडील बोलत, आई कागद पुढे करी आणि ज्याचा प्रवेश तो मुलगा मागे भिंतीला टेकून उभा असे. पसंतीक्रम कोणी भरला असे विचारले, तर त्याला सांगता येत नसे. आपल्या घरी वडिलांनी बोलणे टाकले आहे, ही गोष्ट मला गुणांहून अधिक गंभीर वाटते. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. चार एकर उसावर मुलाला विज्ञान शाखेला घालणारा बाप स्वतःच्या आयुष्यातील काहीतरी त्यात गुंतवत असतो. पण दहावीला ७१ टक्के मिळवलेला मुलगा दोन वर्षांत येथवर का आला, हे त्याला आजवर कोणी विचारलेले दिसत नाही. अकरावीत काही समजेनासे झाले होते का, इंग्रजीतून शिकवलेले डोक्यावरून जात होते का, की विज्ञान शाखाच त्याने निवडली नव्हती? हे वडिलांनीच विचारावे, घरात समोरासमोर बसून नव्हे तर मामाच्या दुकानात, तो काम करत असताना, शेजारच्या स्टुलावर बसून. पहिल्या दिवशी उत्तर मिळणार नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मिळेल.

त्याची झोप, जेवण उडालेले असेल किंवा जगण्याविषयी निराशेचे शब्द त्याच्या तोंडी आले, तर वाट न पाहता १४४१६ या टेलिमानस सेवेच्या क्रमांकावर फोन करावा. ती केंद्र शासनाची मोफत सेवा आहे आणि मराठीतून बोलता येते.

प्रश्न : माझ्या मुलीला दहावीत ४८ टक्के गुण मिळाले. ती मराठी माध्यमात शिकते. बोलायला अत्यंत हुशार, वक्तृत्वात बक्षिसे मिळवते, पण लिहिताना जोडाक्षरे, काने-मात्रे गाळते, एक पान वाचायला तिला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो आणि प्रत्येक पेपर अर्धवट राहतो. शाळेत वर्षानुवर्षे "निष्काळजी" असा शेरा मिळाला. तिला वकील व्हायचे आहे. इतक्या कमी गुणांत हे स्वप्न सोडून द्यायला सांगावे का?
— एक वडील, ठाणे

उत्तर : सांगू नये. आपण वर्णन केलेली लक्षणे निष्काळजीपणाची वाटत नाहीत. ती अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात येणाऱ्या अडचणीची असू शकतात आणि त्याची रीतसर तपासणी करून घेणे हे अकरावीच्या प्रवेशाइतकेच तातडीचे काम आहे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी स्वतंत्र विभाग आहे आणि ठाण्याहून तेथे लोकलने जाता येते. तपासणी एका भेटीत होत नाही. डोळे आणि कान तपासतात, बुद्ध्यांक चाचणी होते, नंतर वाचन, लेखन आणि गणिताची शैक्षणिक चाचणी होते. जाताना तिच्या जुन्या वह्या आणि उत्तरपत्रिका अवश्य न्याव्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळाल्यास ती कोणाची मेहरबानी नव्हे, तिचा हक्क असेल. बारावीच्या परीक्षेत तिला तासाला २० मिनिटे जादा वेळ मिळू शकेल आणि गरज असल्यास लेखनिकही घेता येईल. दर पेपर अर्धवट सोडणाऱ्या मुलीच्या बाबतीत तीन तासांचे चार तास होणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. दहावीला ही सवलत मागता आली असती आणि शाळेतील कोणाच्याच ते ध्यानात आले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मुलीला हे सांगताना मात्र शब्द जपून वापरावेत. इतकी वर्षे तिने "मी आळशी आहे" असे स्वतःविषयी मानले असेल. त्याजागी "मला काहीतरी झाले आहे" असे तिने मानावे, हे आपल्याला नको आहे. अक्षरे ओळखण्याची तिची गती वेगळी आहे आणि त्यासाठी परीक्षेत जादा वेळ देण्याची सोय आहे, इतके साधे तिला सांगावे.

आता प्रवेशाविषयी. अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून संपूर्ण राज्यात ऑनलाइन पद्धतीने होतात आणि अर्जात दहापर्यंत महाविद्यालयांचे पसंतीक्रम देता येतात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर ते घ्यावेच लागते, नाहीतर पुढील नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते. म्हणून केवळ नाव मोठे म्हणून कोणतेही महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहू नये. मागील वर्षीच्या पात्रता गुणांची यादी पाहून तिच्या गुणांच्या आसपासची कला शाखेची महाविद्यालये निवडावीत आणि अर्ज भरण्यापूर्वी त्यांतील दोन-तीन ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन यावे. तेथे एकच प्रश्न विचारावा : सवलतीच्या परीक्षांचा आणि लेखनिकाचा कारभार येथे कोण पाहते? ज्या महाविद्यालयात या प्रश्नाला एका माणसाचे नाव सांगून उत्तर मिळते, ते तिच्यासाठी चांगले महाविद्यालय आहे.

कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी बारावीत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के असावे लागतात, तसेच राज्याची विधी सीईटी द्यावी लागते. ही परीक्षा मराठीतूनही देता येते. तिचे दहावीचे गुण तेथे कोणीही मोजत नाही. बारावीनंतर लगेच जमले नाही, तर कोणत्याही शाखेची पदवी घेऊन तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करता येतो, तो दरवाजाही खुला आहे. तिच्यापुढील आव्हान गुणांचे नसून वाचनाचे आहे, कारण वकिली म्हणजे पुष्कळ वाचन. त्याची तयारी आजपासून करावी. रोज वर्तमानपत्रातील एक बातमी किंवा न्यायालयाच्या एखाद्या निकालाचा वृत्तांत कोणीतरी तिला मोठ्याने वाचून दाखवावा, तिने तो कागदावर बोट ठेवून सोबत वाचावा आणि नंतर दोन्ही पक्षांची बाजू तोंडी मांडावी. वक्तृत्वातील तिची ताकद आणि वाचनातील तिची अडचण या निमित्ताने रोज अर्धा तास एकत्र काम करतील.

तपासणीचा अहवाल हाती आल्यावर त्याच्या प्रती कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात लेखी अर्जासह देऊन पोच घ्यावी, आणि हे बारावीचा परीक्षा अर्ज भरण्याची वाट न पाहता अकरावीच्या पहिल्या सत्रातच करावे.